काकांचा पंजा

आमच्या ग्वाल्हेरात वरातीतसुद्धा खांद्यावर बंदुका दिसतात, पण लष्कर भागातल्या आमच्या मराठी घरात हत्यार आलं ते काकांमुळे. पेट्रोल पंपाची रोकड रात्री घरी आणायची, म्हणून त्यांनी परवाना काढला.

काकांचा पंजा सुपाएवढा. दुकानदाराने कानपूरचं ‘निर्भीक’ पुढे केलं. बत्तीस बोरचं, २०१४ साली बायकांसाठी म्हणून निघालेलं, वजन जेमतेम ५०० ग्रॅम. काकांनी धरलं तर करंगळी हवेतच! चापावरचं बोटही दुमडून घ्यावं लागे. हलक्या हत्याराचा झटका जास्त, त्यात पकड अर्धी. मग उपयोग काय? एका पिस्तुलाचा सरकता भाग अंगठ्याच्या बेचक्याला घासत होता. शेवटी कानपूरचंच जुन्या घडणीचं, वजनदार रिव्हॉल्व्हर घेतलं आणि त्याला शिसवी लाकडाची जाड मूठ बसवून घेतली.

ते हातात इतकं छान बसलं, की काका गणपतीच्या आरतीलाही कमरेला लावून उभे! काकू आठवडाभर बोलल्या नाहीत.

निवडणूक लागली की हत्यार थान्यात जमा. मग रोकड दिवसाउजेडी बँकेत जाते. काकांचा हात मात्र येताजाता कमरेकडे. काकू म्हणतात, “निवडणुका दरवर्षी हव्यात बाई!”