तापीकाठचे जुने बंदर

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ अशी गुजरातीत एक म्हण आहे. जेवावे सुरतेस आणि मरावे काशीस, असा तिचा अर्थ. आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे लग्नाच्या बस्त्यासाठी सुरतेस जातात, कापडबाजारात दिवसभर साड्यांचे गठ्ठे उलगडतात आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परततात. त्यामुळे म्हणीचा पूर्वार्ध त्यांच्या वाट्यास येतच नाही. उत्तरार्धाची घाई तर कोणालाच नसते! बस्त्याच्या खर्चात एका मुक्कामाची भर घालावी, एवढेच आमचे सांगणे.

विरारहून उत्तरेस निघालेली गाडी डहाणू, वापी, वलसाड, नवसारी अशी ठाणी मागे टाकीत तीन-चार तासांत सुरतेस पोहोचते. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच कानांवर पडते ती सुरती बोली. ‘स’चा ‘ह’ करण्याची तिला खोड आहे. अस्सल सुरती माणूस आपल्या गावाला ‘हुरत’ म्हणतो. बोलणे मोठ्याने, मोकळे, आणि मधूनमधून एखाद्या शिवीने सजवलेले. त्यात राग असतोच असे नाही.

सकाळी न्याहरीला ‘लोचो’ खावा. हरभऱ्याच्या डाळीचे वाटण वाफवून खमण करतात. ते नीट न जमता सैलसर राहिले, तेव्हा हा पदार्थ जन्मास आला, असे सांगतात. मराठीत लोचा म्हणजे काय हे वाचकांना ठाऊक आहेच. बिघडलेल्या पदार्थावर तेल, शेव आणि कांदा घालून त्याला शहराची शान बनवणाऱ्या लोकांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. हिवाळ्यात पोंक मिळतो. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, पण सुरतकर तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात आणि वर ताक पितात. उंधियूतही सुरती पापडी, जांभळा कंद, लहान वांगी, मेथीची मुठिया, ओला लसूण आणि खोबरे असा हिवाळ्याचाच सारा मेवा असतो. ‘उंधुं’ म्हणजे पालथे. पूर्वी मडके पालथे घालून भोवती जाळ करीत, त्यावरून हे नाव. वलसाडकडे तसाच शिजणारा ‘उबाडियुं’ हमरस्त्याच्या कडेला अजून विकत मिळतो. कुलाब्याकडची पोपटी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना त्याचे नाते ओळखता येईल.

परंतु आपल्या घरांशी सर्वांत जवळचे नाते आहे ते सुरतेच्या भट्टीचे. डच व्यापाऱ्यांनी आपल्या वखारीसाठी येथे पावाची भट्टी घातली. ते निघून गेले तेव्हा ती फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली, अशी कथा आहे. पाव ताडीने आंबवीत, म्हणून पुष्कळ लोक तो घेण्यास कचरत. उरलेला पाव वाळून कडक झाला, तो चहात बुडवून लोकांना आवडू लागला आणि त्यातूनच ‘सुरती बताशा’ निघाला. ताडीने पीठ आंबवण्याची रीत वसई-उत्तनच्या स्त्रियांना कोणी शिकवायला नको. फुगे तळणाऱ्या आपल्या आजीला डचांची भट्टी पाहून नवल वाटले नसते. बताशा आणि नानखटाई घरी नेण्यासही सोयीची. लवकर खराब होत नाही.

ते डच कोठे गेले? पुष्कळसे येथेच मातीत आहेत. कतारगामच्या बाजूला डच आणि इंग्रज यांची कबरस्ताने आहेत, आणि त्यांतील थडगी पाहून मनुष्य चकित होतो. सुरतेत असता मोगल सरदारांच्या थाटाने राहणाऱ्या या व्यापाऱ्यांनी मरणानंतरही घुमटांची हौस सोडली नाही. इंग्रजांकडे ऑक्झेंडन बंधूंची दुमजली समाधी आहे. थोरला क्रिस्टोफर १६५९ मध्ये वारला; धाकटा सर जॉर्ज मुंबईचा गव्हर्नर होऊन १६६९ मध्ये. डचांकडे व्हान रीड यांचे थडगे आहे. त्यांनी मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. १६९१ मध्ये मुंबईजवळ जहाजावर त्यांचा अंत झाला आणि देह सुरतेस आणला गेला. घुमटांची ही चढाओढ आम्हांस थोडी केविलवाणी वाटली. ग्रंथ मात्र खरा टिकला.

तापीच्या काठी चौक बाजाराजवळ किल्ला आहे. तो पाहताना वसईकराने जरा थांबावे. पोर्तुगीज आरमाराने १५१२ मध्ये आणि पुन्हा १५३० मध्ये सुरत जाळली. १५३४ मध्ये बहादूरशहाकडून वसई त्यांच्या हाती आली. सुरतेचे रक्षण व्हावे म्हणून खुदावंदखानाने १५४० नंतरच्या दशकात हा किल्ला उभारला. म्हणजे ज्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर क्रूस आला, त्याच गलबतांच्या भीतीने या भिंती रुंद झाल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवाव्यात.

मराठी माणसाला सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० आठवते. सुरतकरालाही आठवते, पण लुटला गेलेला म्हणून. फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे की, पहिल्या स्वारीत शिवाजी महाराजांनी कॅपुचिन संघाचे फादर अँब्रोज यांच्या मठाला हात लावू दिला नाही. हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

या शहरावर आलेली संकटे एवढ्यावर संपली नाहीत. १९९४ मध्ये प्लेगची साथ आली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने पळाले. पुढच्या वर्षापासून महापालिकेने कचऱ्याशी असे युद्ध मांडले की, २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात सुरत इंदूरबरोबर देशात पहिली आली. २००६ च्या ऑगस्टात तापीचे पाणी घराघरांत शिरले. त्या पाण्यानंतरही माग पुन्हा सुरू झाले. मोगलीसरा भागात हज यात्रेकरूंसाठी शहाजहानच्या काळी बांधलेली सराई आहे. महापालिकेचे मुख्य कार्यालय तीतच भरते.

लिंबायत, उधना या भागांत गेल्यावर मात्र अहिराणी कानांवर पडते. खानदेशातून तापीच्याच खोऱ्याने उतरलेली हजारो कुटुंबे येथे यंत्रमागांवर राबतात. महापालिका त्यांच्या मुलांसाठी मराठी शाळा चालवते. आपण बस्त्यासाठी जी साडी निवडतो, तिचा धागा कदाचित यांपैकीच कोणाच्या हातून गेलेला असतो. २०२० च्या टाळेबंदीत येथील परप्रांतीय कामगार, त्यांत ओडिशाचे फार, आम्हांला घरी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर उतरले होते. ज्या गावाच्या जेवणाची म्हण झाली, त्या गावात कष्टकऱ्यांच्या चुली त्या दिवसांत थंड होत्या. उंधियूची चव घेताना हेही मनात असावे.

शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्री ‘चांदनी पडवो’ साजरा होतो. कुटुंबेच्या कुटुंबे रस्त्याच्या कडेला, पदपथावर, चटई पसरून बसतात आणि मावा-पिस्त्याने भरलेली, तुपात माखलेली घारी तिखट भुसाबरोबर खातात. श्रीमंत आणि सामान्य शेजारी शेजारी बसतात. घरात जागा असूनही बाहेर बसायचे, हीच त्यातली मौज.

पोंक आणि उंधियू यांसाठी डिसेंबर-जानेवारी योग्य. नाताळच्या सुट्टीत जमते. सकाळच्या गाडीने निघावे, पहिल्या दिवशी कबरस्ताने आणि किल्ला पाहावा, कापडबाजार दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. परत येताना बताशांचा पुडा पिशवीत वरच ठेवावा, नाहीतर साड्यांच्या वजनाखाली त्यांचा चुरा होतो.