खाऱ्या हवेतला लॅपटॉप

मे महिना लागला की अलिबागेत माझ्या टेबलावर येणाऱ्या लॅपटॉपची तक्रार ठरलेली असते : पंखा सारखा गरगरतो आणि मशीन रखडतं. मार्च २०२० मध्ये मुंबईहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, पाठोपाठ टाळेबंदी आली आणि किहीमपासून नागावपर्यंत कितीतरी घरांत घरून कामासाठी मोठा मॉनिटर, त्याला लॅपटॉप जोडणारा डॉक आणि झाकण मिटून मागे सरकवलेला लॅपटॉप अशी मांडामांड झाली. दिसायला नेटकी, पण मशीनची घुसमट करणारी. बऱ्याच लॅपटॉपची गरम हवा बिजागरीपाशी बाहेर पडते, काही मॉडेल कीबोर्डच्या फटींतूनही हवा घेतात. झाकण मिटून पाठ भिंतीला टेकवली की दोन्ही वाटा आखडतात. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो. रखडणं म्हणतात ते हेच.

लोक दोष उन्हाळ्याला देतात. पण मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा आपल्याकडे तो तेहतीस-चौतीसच्या घरात असतो. आपलं दुखणं निराळं आहे. मागचं झाकण उघडून पंखा सोडवला की त्याच्या आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये करड्या धुळीचा थर दिसतो, गोधडीतल्या जुन्या कापसासारखा दाबून बसलेला. कोरड्या गावातली धूळ फुंकरीने उडते; इथली ब्रशने खरवडावी लागते, कारण तिच्यात मीठ असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळू लागतं, आणि पावसाळ्यात आपली हवा दिवसेंदिवस त्या रेषेच्या वरच असते. म्हणून विदर्भात चालणारा कूलर इथे लॅपटॉपशेजारी लावू नका. तो आणखी ओलच घालतो.

एसीचंही तसंच. अठरावर लावून खोली गार करायची आणि मग बंद करून खिडक्या उघडायच्या, याने गार धातूवर दव धरतं. तापमान स्थिर ठेवण्याच्या बाबतीत अलिबागची चुंबकीय वेधशाळा मला फार आवडते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी चुंबकीय मोजमापं बिघडणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं हे काम १९०४ मध्ये इथे हलवलं, आणि पोरबंदरी दगडाची, लोखंड टाळलेली इमारत अशी बांधली की आतलं तापमान जवळपास हलत नाही. गारव्यापेक्षा स्थिरपणा महत्त्वाचा, हे ती बांधणाऱ्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. एसी सव्वीस-सत्तावीसवर ठेवा आणि थंडगार मशीनवर एकदम बाहेरची हवा सोडू नका.

बाकी गोष्टी साध्या आहेत. झाकण उघडं ठेवा; मिटायचंच असेल तर उभ्या स्टँडवर, भिंतीपासून वीतभर दूर. डॉकवरून चार्जिंग चोवीस तास चालू असतं, तेव्हा सेटिंगमध्ये मर्यादा ८० टक्क्यांवर आणा. भरलेली आणि तापलेली बॅटरी लवकर फुगते, आणि फुगलेली बॅटरी टचपॅड वर उचलते. तसं दिसलं तर मशीन त्याच दिवशी बंद करा, दाबून बसवू नका. साफसफाई मृग लागण्याआधी करून घ्या. घरी ब्लोअर मारणार असाल तर मशीन बंद करा आणि पंख्याची पाती काडीने अडवून धरा, नाहीतर तो अतिवेगाने फिरून बेअरिंग जातं. पावसाळ्यात मात्र लॅपटॉप प्लास्टिकच्या कव्हरात गुंडाळून आठवडाभर ठेवू नका. रोज थोडा वेळ चालवा, त्याच्याच उष्णतेने आतली ओल सुकते.