युरियाची एक गोणी = चार टन शेणखत

"रासायनिक खत सोडा, शेणखत वापरा." तालुक्यात कुठलाही कृषी मेळावा असो, व्यासपीठावरून हे वाक्य येतंच. वीस वर्षं या बातम्या लिहितोय. पण हारतुरे झाल्यावर कुणी हिशोब मांडलाय असं आठवत नाही. म्हणून आज मीच मांडतो.

४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोच्या वर. कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनाला ५ किलो. एका गोणीला चार टन शेणखत! तेही सगळं पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही, हळूहळू सुटतं. सुरू उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १००. नुसत्या शेणखतावर भागवायचं तर एकरी २० टन धरा, खरं तर जास्तच. आणायचं कुठून? ट्रॅक्टर आले, बैल गेले. दावणीला एखादी म्हैस असली तर असली. आणि युरिया २६६ रुपये ५० पैशांत दुकानात (दुकानदाराने सोबत नको ती बाटली गळ्यात मारली नाही तर).

मग शेणखत थोतांड आहे का? अजिबात नाही. जमिनीला सेंद्रिय कर्ब देणं, तिची पाणी धरायची ताकद वाढवणं युरियाच्या बापाला जमणार नाही. युरिया एकदम बंद नाही, पण कमी नक्की करता येतो. अडचण अशी की आहे त्या शेणाचीही आपण माती करतो. उकिरडा रस्त्याकडेला उघडा, त्यातलं नत्र उन्हात अमोनिया होऊन उडून जातं. जनावराच्या मुतात नत्राचा मोठा वाटा असतो, ते सरळ गटारात. गोठ्यात पाचट, काडीकचरा अंथरून ते मुरवलं आणि खड्डा झाकला, तर खर्च जवळपास शून्य. वर घाईत कच्चं शेण रानात टाकायचं आणि हुमणी लागली म्हणून पुन्हा त्याच दुकानात जायचं!

पूर्वी उन्हाळ्यात आमच्या भागात मेंढ्या बसवायचे. लेंडी आणि मूत जागेवरच जिरायचं, मालक बदल्यात धान्य, पैसे द्यायचा. आता बागायतीमुळे रान मोकळं नसतं, चराईची कुरणंही उरली नाहीत. मागच्या उन्हाळ्यात एका मेंढपाळ दादांना विचारलं, तर म्हणाले, "सायेब, लेंडी समद्यास्नी पायजे, मेंढरं कुनाला नकोत."

मेळाव्यात या माणसाला खुर्ची मिळालेली मी तरी पाहिली नाही. तुमच्याकडे शेणखताची ट्रॉली कितीला पडते आणि मेंढ्या अजून बसवतात का, खाली लिहा. गावाच्या नावासकट.