सतराव्या लेव्हलवर

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आमच्या घरात मुलांनी आणला आणि आता तो मी चालवते, असं सांगितलं की बायका हसतात. "या वयात राक्षस अन् जादूगार कसले, वैनी?" पण गोष्ट सांगायला वय आड येत नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ काढला. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, एकानं त्या जगाची गोष्ट सांगत राहायचं, आणि नशिबाच्या जागी वीस बाजूंचा फासा. आमच्याकडं जेवणं उजेडातच आटोपतात, त्यामुळं शनिवारची रात्र मोकळी मिळते.

आधी भाचा चालवायचा. नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि जाताना म्हणाला, "मावशी, आता तू चालव की." चार पोरांची चार पात्रं माझ्या पदरात पडली, तीही सतराव्या लेव्हलची. एकूण लेव्हल वीसच. पहिल्या लेव्हलला दोन लांडगे आले तरी पळता भुई थोडी होते. पाचव्या लेव्हलला विझार्ड फायरबॉल टाकायला लागतो. तेराव्या लेव्हलला टेलिपोर्ट येतं, म्हणजे डोळ्याचं पातं लवेपर्यंत शेकडो कोस लांब. सतराव्या लेव्हलला विझार्डला 'विश' मिळतं, जवळजवळ बोलेल ते होतं. आणि क्लेरिक तर दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्यालाही उठवू शकते.

पुष्कळ चालवणारे इथं थकतात. यांना भ्यायला लावायचं तरी कशानं? मग ते अडवाअडवी सुरू करतात. या गुहेत जादू चालत नाही, त्या दाराला मंत्र लागत नाही. मला हे पटत नाही. पोरांनी दोन वर्षं खेळून ही ताकद कमावलेली. सुनेच्या हातात किल्ल्या द्यायच्या आणि मागून कुलपं बदलायची, तसलाच हा प्रकार.

मी कुलपं बदलत नाही. आधी प्रत्येकाला विचारून ठेवते, तुझ्या पात्राचा जीव कुणात आहे? म्हातारी गुरुमाय, धाकटा भाऊ, एखादं गाव, काहीही चालेल. मग एकाच वेळी दोन ठिकाणांहून हाका येतात. टेलिपोर्ट येत असलं तरी माणूस एका वेळी एकाच जागी असतो. दुसरं म्हणजे, लढाई मी मोकळ्या माळावर नाही, भर बाजारात ठेवते. फायरबॉल टाकला की सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८ चा तडाखा. साध्या गावकऱ्याचा जीव ४ पॉइंटांचा. चोरांबरोबर भाजीवालीही जाते. त्या दिवशी विझार्ड चालवणारा मुलगा हातात फासे घेऊन कितीतरी वेळ नुसता बसला. शेवटी त्यानं ते खाली ठेवले आणि म्हणाला, "काकी, मी चोरांशी बोलतो." एवढ्या मोठ्या पात्राची खरी परीक्षा ती. काय येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, काय करायचं हे ठरवावं लागतं.

क्लेरिक चालवणाऱ्या मुलीचे वडील कोरोनात गेले. मेलेल्याला उठवण्याचा मंत्र तिच्या पात्राकडं होता, आणि कधीतरी कुणीतरी तो मागणार हे मला दिसत होतं. म्हणून तिला बाजूला घेऊन विचारलं, "अशी गोष्ट आणू का? नको असेल तर नको." तिनं दोन दिवस घेतले, मग म्हणाली, "आणा."

पुढच्या शनिवारी एक कुंभाराची पोर त्यांच्या दारात आली. बाप पुरात गेलेला. मंत्राला २५,००० सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात, ते यांच्या थैलीत होते. बाकीचे तिघं तयारच होते. पण नियम असा, की आत्मा स्वतः यायला राजी हवा. इथं जबरदस्ती चालत नाही, सतराव्या लेव्हललाही नाही. तिनं आधी देवाला विनवून त्या कुंभाराला विचारायचं ठरवलं, "येता का?" खरं तर उत्तर मी द्यायचं होतं. मी म्हटलं, "तू सांग."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती हळूच म्हणाली, "तो नको म्हणतो. पोरीला सांगा म्हणतो, माती वाळायला लागलीय, चाकावर घे."

कुणी रडलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. मी उठून सगळ्यांना पाणी दिलं. हिरे वाचले होते. त्या हिऱ्यांतून त्या गावाला नदीकाठचा बांध घालायचा, असं तिनंच सुचवलं. दगड कुठून आणायचे, गवंडी किती, वरच्या गावाचं पाणी अडेल त्याचं काय, यात पुढचे तीन शनिवार गेले. एकही राक्षस आला नाही, आणि कंटाळा आला असं कुणी म्हटलं नाही.