हापशाचे उपकार

प्रिय बाळा,


घरात नळ असूनही आजी जेवणाच्या प्रार्थनेत हापशाचे उपकार का मानायची, असं तू फोनवर विचारलंस आणि उत्तर ऐकायच्या आत तुला कामाला पळावं लागलं. प्रश्न इकडे रात्रभर पुरला. म्हणून हे पत्र, आणि तेही मराठीत. वाचायला वेळ लागला तरी पुरं वाच.

आजी लग्न होऊन जामखेडकडच्या गावात आली, तेव्हा आपल्या दलित वस्तीतल्या बायकांना गावविहिरीवर चढायची मुभा नव्हती. घागर खाली ठेवायची आणि कुणाला दया येऊन वरून पाणी ओतेपर्यंत उन्हात उभं राहायचं. ख्रिस्ती झाल्यानं ते अंतर मिटलं नव्हतं.

मग 1972चा दुष्काळ पडला. तेव्हा वाटल्या जाणाऱ्या सुकडीवरून आजी त्याला सुकडीचं साल म्हणायची. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला आरोग्याचं काम सुरू केलं होतं. चांगलं पाणी नसेल तर नुसत्या औषधांनी मुलं जगत नाहीत, हे त्यांना रोज दिसत होतं. गावोगाव बोअर घेताना त्यांनी जागा निवडल्या त्या दलित वस्त्यांत. पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथं यायचं.

आपल्या वस्तीत हापसा बसला तो 72 साली की 73, हे आजीला कधीच नक्की सांगता आलं नाही. कळशी मात्र तिला पक्की आठवायची. पितळेची, काठाशी पोचा आलेली, गळ्याला वेलबुट्टी. वाड्यावरची एक म्हातारी ती घेऊन आली होती. तिला दांडा दाबवेना. रांगेतल्या बायका गप्प झाल्या. आजी पुढं झाली आणि तिनं हापसून कळशी काठोकाठ भरून दिली. म्हातारीनं ती तशीच, न विसळता, उचलून नेली. "न विसळता" हे शब्द आजी दर वेळी दोनदा म्हणायची. याकोबाच्या विहिरीवर येशूनं शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, तो उतारा तिचा सर्वांत आवडता का होता, हे आता तुला कळेल.

हापशाचीही गोष्ट आहे. आधीचे ओतीव लोखंडी पंप परदेशातल्या एकेका शेतघरासाठी घडवलेले. इथं अख्खं गाव दिवसभर हापसू लागलं की ते मोडायचे. जालन्याच्या स्कॉटिश मिशनच्या लोकांनी पोलादी पंप घडवला. सोलापूरच्या मिशनऱ्यांनी दांड्याला बेअरिंग आणि साखळी जोडली, त्यामुळे आतली सळई सरळ वरखाली होऊ लागली आणि झीज घटली. त्याच सोलापूर पंपावरून पुढं 'इंडिया मार्क टू' तयार झाला आणि पार आफ्रिकेतल्या खेड्यांत गेला. आपल्याकडे तो इतका अंगवळणी पडला की बनवणाऱ्यांची नावं कुणी विचारत नाही, याचं फार वाईट वाटतं.

आजी विचारायची. देवानं दिलं म्हणताना बोअर पाडणारे, साखळीला ग्रीस लावणारे, सगळे तिच्या प्रार्थनेत असायचे. तीच खरी उपकारस्तुती, अशी तिची शिकवण होती.

तू तिकडे जेवणाआधी प्रार्थना करतोस ना? घाईत दोन शब्द तरी? मुलांनाही मराठीतून म्हणायला लाव. आणि पुढच्या सुट्टीत त्यांना नुसतं पुण्यात फिरवून परत नेऊ नकोस. चार दिवस नगरला ये, तिथून जामखेडला जाऊ. येताना औषधं-चॉकलेटं काही आणू नकोस. तब्येत सांभाळ, थंडीत डोकं झाकून घे.

तुझी आत्या