आठ इंच शिशातून उडणारं वटवाघूळ

लॉस एंजेलिसजवळच्या कल्वर सिटीत, व्हेनिस बुलेव्हार्ड नावाच्या वर्दळीच्या रस्त्यावर, लक्ष नसेल तर सहज मागे पडेल असं एक दार आहे. पाटी आहे ‘म्युझियम ऑफ जुरासिक टेक्नॉलॉजी’. डायनॉसोरांच्या काळात कसलं आलंय तंत्रज्ञान? आत गेल्यावर खुलासा होईल म्हणावं, तर तिथे ‘लोअर जुरासिक’ म्हणून जो नकाशा लावलाय तो चक्क इजिप्तमधल्या नाईलच्या मुखाचा!

आम्ही चलथाणचे, सुरतेच्या बाजारात वाढलेले. जरीची तार वरून कितीही सोनेरी दिसो, आत चांदी आहे की तांबं हे पाहिल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत, हा आमचा शिरस्ता. पण इथे आत पाहायचं कसं? काचेची पेटी, मंद दिवा आणि कानाला लावायचा रिसीव्हर. त्यातून संथ, विद्वान आवाज सांगतो : दक्षिण अमेरिकेत ‘डेप्राँग मोरी’ नावाचं वटवाघूळ आहे, ते भिंतीतून आरपार जातं. डोनाल्ड ग्रिफिथ या शास्त्रज्ञाने शिशाच्या आठ इंच जाड भिंती उभारल्या आणि उडता उडता एक वटवाघूळ त्यांत कायमचं अडकलं.

सोबत आलेली भाची कुजबुजली, “मामा, तुम्हाला पटतंय?”

ग्रिफिथ कुणी नव्हताच. वटवाघळं आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात हे ज्याने दाखवून दिलं, तो खरा शास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन. नावात किंचित फेरफार, बाकी थाट तोच!

थापाच असत्या तर हसून बाहेर पडलो असतो. पण पुढच्या दालनात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर सुईच्या नेढ्यात पोप जॉन पॉल दुसरे उभे! तांदळाच्या दाण्यावर नाव लिहून देणारे आपल्या जत्रेत पाहिलेत, पण हे भलतंच. हेही बनवाबनवीच असणार, असं वाटतं. तर ते शंभर टक्के खरं. हागोप सांदाल्जियान हा आर्मेनियन व्हायोलिनवादक ही शिल्पं घडवायचा. हात हलू नये म्हणून हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी तो काम करी. सोव्हिएत रशियाने अंतराळात धाडलेल्या कुत्र्यांची तैलचित्रंही आहेत, अगदी राजेरजवाड्यांच्या थाटात रंगवलेली. ती कुत्रीही खरी.

म्हणजे जे शास्त्रीय वाटतं ते खोटं आणि जे अशक्य वाटतं ते खरं. मधली रेघ कुठेच आखलेली नाही. डेव्हिड विल्सन आणि त्यांची पत्नी डायना यांनी 1988 मध्ये हे संग्रहालय थाटलं. 2001 मध्ये विल्सनना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, म्हणजे या उद्योगाला प्रतिष्ठितांची मान्यताही आहे. वरच्या मजल्यावर समोवारमधला चहा मिळतो, फुकट. (सुरती माणसाला अविश्वसनीय वाटलं ते एवढंच!) मात्र काय खरं नि काय रचलेलं, हे चहा पितानाही कुणी सांगत नाही. मला हाच या कलेचा कणा वाटतो. आपण वस्तूवर विश्वास ठेवतच नाही. ठेवतो तो काचेवर, पितळी पाटीवर, लॅटिन नावावर. शाळेत, कचेरीत, दवाखान्यात आपण हेच करत आलो आहोत.

‘खऱ्या’ संग्रहालयांचं काय? लॉस एंजेलिसमधल्याच गेटी म्युझियमने 1985 मध्ये एक प्राचीन ग्रीक तरुणाचा संगमरवरी पुतळा विकत घेतला. तज्ज्ञांचं एकमत होईना. शेवटी पाटीवर छापलं : इसवी सनपूर्व सुमारे 530, किंवा आधुनिक बनावट. 2018 मध्ये पुतळाच प्रदर्शनातून काढून घेतला. त्या एका ‘किंवा’बद्दल गेटीवाल्यांचं मला कौतुक वाटतं. फार थोड्या पाट्यांत एवढी हिंमत असते.

लेकराबाळांना भेटायला तिकडे जाणाऱ्यांनो, हॉलिवूडची पाटी लांबून दिसतेच. एक दुपार जुरासिक टेक्नॉलॉजीच्या या संग्रहालयाला द्या. बाहेर पडेपर्यंत मोबाइल मात्र खिशातच ठेवा.