जॅकचं तेल

अमेरिकेत मोटरहोम घेऊन फिरणाऱ्या निवृत्त मंडळींची हिवाळ्यातली पंढरी म्हणजे क्वार्ट्झसाइट. ॲरिझोनाच्या पश्चिम टोकाला, आय-10 महामार्गावर, फीनिक्सपासून दोनेकशे किलोमीटरवर हे वाळवंटातलं गाव आहे. एरवीची वस्ती दोन-तीन हजारांची. थंडी पडली की मिनेसोटा, डकोटा, कॅनडा अशा बर्फाच्या मुलखांतून लोक आपापली चाकांवरची घरं घेऊन इथे उतरतात आणि गावाबाहेरच्या माळावर नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या दिसतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाची सरकारी जमीन आहे. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल अशा अख्ख्या हंगामाचा परवाना आम्ही गेलो तेव्हा 180 डॉलरला मिळत होता. त्या पैशांत मिळते ती मोकळी जागा. पिण्याचं पाणी आणि मैलापाणी ओतायची सोय एका ठिकाणी, तिथवर गाडी आपण न्यायची. वीज आपली आपण करायची. आणि जमीन लांबून कितीही सपाट दिसली तरी गाडी उभी केली की तिचा उतार कळतो.

हा उतार काढण्यासाठी गाडीला जॅक असतात. आमची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिच्या पोटाखाली चार हायड्रॉलिक जॅक आहेत. ड्रायव्हरच्या सीटशेजारचं बटण दाबलं की पंप घुमतो, तेल नळीतून जॅकच्या सिलिंडरमध्ये शिरतं, दांडा खाली उतरून जमिनीला टेकतो आणि गाडीचा तो कोपरा उचलला जातो. निघायच्या वेळी व्हॉल्व्ह उघडतो, जॅकच्या बाजूच्या जाड स्प्रिंगा दांडा वर ओढतात आणि तेल आलं तसं टाकीत परत जातं. या तेलाचा प्रवास एवढाच. ते जळत नाही, झिजत नाही, किलोमीटरमागे खर्चही होत नाही. पुढे जे झालं ते समजायला ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

गाडी समतल नसली तर झोपताना रक्त डोक्याकडे येतं, आंघोळीचं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचतं. पण खरी काळजी फ्रिजची. आमच्यासारख्या गाड्यांत गॅसवर चालणारा फ्रिज असतो. 1922 साली बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंतर्स या स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेली त्याची रचना आजही मुळात तीच आहे. त्यात कॉम्प्रेसर नाही, फिरणारा एकही भाग नाही. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया उकळतो, वर चढतो, थंड होतो आणि द्रव होऊन नुसत्या उताराच्या जोरावर खाली वाहतो. गाडीच कलती असली की तो द्रव नळीत अडतो, तळाशी उष्णता साठत जाते आणि फ्रिज कायमचा बाद होऊ शकतो. आडवा कल साधारण तीन अंशांच्या आत आणि लांबीतला सहाच्या आत, असा सर्वसाधारण नियम. नवा फ्रिज बसवायचा तर हजारांत डॉलर जातात.

त्या सकाळी मी धिरडी घालत होते. तव्यावर ओतलेलं पीठ खिडकीच्या बाजूला धावलं आणि धिरडं एका कडेला जाड, दुसरीकडे जाळी पडलेलं झालं. रात्री झोपताना गाडी समतल होती, मी स्वतः पाहिलं होतं.

"अहो, मागचा डावा कोपरा बसलाय."

"थंडीने असेल गं," हे आतूनच म्हणाले.

तसं म्हणण्याला आधार होता. वाळवंटात जानेवारीच्या रात्री पारा शून्याजवळ जातो आणि दुपारी वीस अंशांवर येतो. थंडीने तेल आकसतं, त्यामुळे जॅकवरची गाडी पहाटेपर्यंत किंचित खाली येते. पण थंडी चारही जॅकना सारखीच लागते. एकच कोपरा बोटभर बसतो तेव्हा दोष थंडीचा नसतो.

मग दोनच शक्यता राहतात. पहिली, त्या जॅकचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, तेल आतल्या आत टाकीकडे परतत राहतं आणि कोपरा हळूहळू खाली येतो. दुसरी, तेल बाहेर गळतंय. निकाल लावायला टाकी पाहणं हा सोपा मार्ग. पातळी जिथल्या तिथे असेल तर व्हॉल्व्ह. उतरली असेल तर गळती.

हे बाटली घ्यायला निघाले. "आधी थोडं तेल तर घालू या, मग बघू."

मी थांबवलं. आमच्या माहितीपुस्तकात या कामाची पहिली ओळच अशी आहे की तेल तपासताना चारही जॅक पूर्ण वर घेतलेले हवेत, आणि स्लाइड-आउट, म्हणजे भिंतीसकट बाहेर सरकणारी खोली, त्याच पंपावर चालत असेल तर तीही आत ओढलेली हवी. जॅक खाली असताना कित्येक मापं तेल सिलिंडरमध्ये असतं, त्यामुळे टाकी रिकामी दिसणारच. तेव्हा काठोकाठ भरली आणि नंतर जॅक वर घेतले, तर परतणाऱ्या तेलाला जागा उरत नाही. ते झाकणातून उसळून बाहेर येतं आणि सगळा कप्पा लाल होतो.

म्हणजे आवराआवर आली. भांडी कपाटात, खुर्च्या बाजूला, खोली आत. पार्किंग ब्रेक लावलेला आहे याची खात्री केली, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले. आमच्या गाडीचा पार्किंग ब्रेक मागच्या चाकांनाच धरतो. उताराच्या जागी मागची चाकं जॅकने हवेत उचलली तर ब्रेक असून नसल्यासारखा होतो आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. त्यामुळे समतल करतानाही मागची चाकं जमिनीवरच राहतील अशी जागा आम्ही निवडतो, आणि पुढचं टोक जास्त उचलायला लागेल असं पाहतो. यांनी आत बसून जॅक वर घेतले. गुडघ्यांमुळे यांना वाकवत नाही, त्यामुळे बाहेरचं काम माझ्याकडे असतं.

टाकी पुढच्या कप्प्यात, पंपाला जोडलेली. झाकण उघडण्याआधी मी ते आणि आजूबाजूचा भाग चिंधीने दोनदा पुसला. क्वार्ट्झसाइटची धूळ पिठासारखी बारीक असते, आणि तिचा एक कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला तर गळती नसतानाही जॅक बसायला लागतो. झाकणाला खालून पट्टी जोडलेली असते, ती पुसून पुन्हा आत बुडवायची आणि ओढून पाहायची. आमच्या टाकीत तेल तोंडापासून इंचभर खाली हवं. पट्टीचं टोक तेवढं ओलं झालं होतं. पांढऱ्या चिंधीवर उतरलेला डाग मात्र स्वच्छ लाल आणि पारदर्शक होता. पाणी शिरलं असतं तर तो दुधाळ गुलाबी दिसला असता आणि सगळं तेल बदलायची वेळ आली असती.

पातळी उतरली होती. तेल बाहेर गेलं होतं.

एव्हाना शेजारचे मिनेसोटाकर कॉफीचा मग घेऊन येऊन उभे होते. आयुष्य ट्रॅक्टर आणि नांगर यांच्या हायड्रॉलिक्समध्ये गेलेला माणूस. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जॅक वर आहेत ना?" मी हो म्हटल्यावर मान डोलावली आणि यांच्या हातातली बाटली हळूच काढून घेतली. ती ब्रेक ऑइलची होती. ब्रेक ऑइल ग्लायकॉलपासून करतात, त्याने या जॅकमधले रबरी सील फुगतात आणि निकामी होतात. आमच्या जॅकना लागतं ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, डेक्स्रॉन-3 प्रतीचं. जनरल मोटर्सने या प्रतीचे परवाने देणं 2006 च्या शेवटी बंद केलं, म्हणून दुकानात आता नुसतं ते नाव शोधायचं नाही, तर बाटलीच्या मागे डेक्स्रॉन-3 ऐवजी चालेल असं लिहिलेलं आहे का ते वाचायचं. सगळ्याच जॅकना हे तेल चालतं असं मात्र नाही. काही कंपन्या वेगळं हायड्रॉलिक तेल सांगतात. शेवटचा शब्द आपल्या गाडीच्या पुस्तकाचा किंवा टाकीवरच्या लेबलचा.

गावातल्या दुकानातून तेल आणलं. स्वच्छ नरसाळं लावून थोडं थोडं ओतलं, मधे मधे पट्टी पाहिली. एका क्वार्टाच्या, म्हणजे जेमतेम लिटरभराच्या बाटलीतलं थोडं उरलंच.

आता गळती शोधायची होती, आणि इथे एक गंमत होती. घरी ड्राइव्हवेवर ही गाडी महिनोन्महिने उभी असते आणि खाली एक थेंब दिसत नाही. कारण घरी जॅक वर असतात, नळीत दाब नसतो. जॅक सोडले आणि गाडीचं वजन त्यांच्यावर आलं की मगच तेल वाट शोधतं. म्हणजे गळती पाहायची तर जॅकवर गाडी उचलून पाहायला हवी, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर जायचं नाही. नळी फुटली तर दहा टनांची गाडी क्षणात खाली येते.

मिनेसोटाकरांनी रस्ता सांगितला. खोक्याचा पुठ्ठा लांब काठीने मागच्या डाव्या जॅकखाली सरकवला, जॅक सोडले आणि आम्ही तिघं बाहेरच खुर्च्या टाकून बसलो. हात नळीजवळ न्यायचा नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. या नळ्यांत दाब 3000 पीएसआयपर्यंत जातो. गाडीच्या मोठ्या टायरमध्ये शंभराच्या आसपास असतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून उडणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, म्हणून माणूस घरी बसतो, आणि तेल आत मांस कुजवत जातं. त्यांच्या शेजारच्या एका शेतकऱ्याचं बोट असंच गेलं होतं. अशी जखम झाली तर दुखो न दुखो, थेट मोठ्या रुग्णालयात जायचं.

थोड्या वेळाने पुठ्ठ्यावर लाल ठिपका उमटला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मी बाजूनेच बॅटरीचा झोत टाकला. जॅककडे येणारी नळी चॅसीच्या एका पट्टीला घासत होती. तिथलं बाहेरचं रबर झिजून आतली तारेची वीण चकाकत होती आणि तिच्यावर तेलाचा थेंब भरत चालला होता. नळीला बांधणारी चिमटी गेली होती. एवढ्याशा चिमटीअभावी मैलोगणिक नळी घासत राहिली.

अशा नळीला चिकटपट्टी किंवा लांबी लावून भागत नाही, ती बदलावीच लागते. क्वार्ट्झसाइटमध्ये हिवाळ्यात गाडीपाशी येऊन काम करणारे मेकॅनिक भरपूर असतात. दुसऱ्या दिवशी एक जण आला. जॅक वर घेतले, दाब उतरवला, त्याने जुनी नळी काढून नेली आणि त्याच लांबीची नवी नळी, दोन्ही टोकांना फिटिंग दाबून, घेऊन आला. चिमटी दोन ठिकाणी लावली.

नवी नळी म्हणजे आत हवा. त्यामुळे चारही जॅक पूर्ण खाली सोडायचे, पूर्ण वर घ्यायचे, असं तीनचारदा करायचं. हवा टाकीत येते आणि झाकणातून निघून जाते. पहिल्या फेरीला जॅक हिसके देत उतरला, पंपाचा आवाजही किरकिरा होता. शेवटच्या फेरीला सरळ, एका दमात उतरला. मग पुन्हा जॅक वर, पुन्हा पट्टी. नळी भरण्यात पातळी थोडी उतरली होती, बाटलीतलं उरलेलं तेल तिथे कामी आलं.

हल्ली आपली मराठी मंडळी यलोस्टोनला, ग्रँड कॅन्यनला मोटरहोम भाड्याने घेऊन जातात, निवृत्तीनंतर काही जण विकतही घेतात. त्यांना एवढंच सांगणं आहे. तेल पाहायचं ते जॅक पूर्ण वर घेऊन. ओतायचं ते पुस्तकात लिहिलेलंच. जॅकवर उभ्या गाडीखाली कुणालाही, एका मिनिटासाठीसुद्धा, जाऊ द्यायचं नाही. आणि पातळी उतरलेली दिसली तर ओतून मोकळं व्हायचं नाही. हे तेल आपण होऊन कमी होत नाही. ते कुठून गेलं हे सापडेपर्यंत काम पुरं झालेलं नसतं.